समुद्राच्या वतीने साक्ष

जपानच्या क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाता हे गाव आहे. समोरचा शिरानुई समुद्र बेटांनी आणि जमिनीने वेढलेला, त्यामुळे एरवी शांत आणि मासळीने भरलेला. गावातल्या चुली दोन गोष्टींवर पेटत: मासेमारी आणि चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना. १९५० नंतरच्या काही वर्षांत किनाऱ्यावरच्या वस्त्यांतल्या मांजरी विचित्र वागू लागल्या. लाळ गाळत गरागरा फिरायच्या, थरथरत उड्या मारायच्या, काही तर सरळ पाण्यात पडून मरायच्या. लोक म्हणायचे, मांजरी नाचतात. मग माणसांची पाळी आली. हातापायांना बधिरपणा, अडखळते बोलणे, आकसत जाणारी नजर, गेलेला तोल आणि शेवटी झटके. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांच्या रुग्णालयातून सरकारी आरोग्य कार्यालयात खबर गेली, की मज्जासंस्थेच्या कुठल्याशा अनोळखी आजाराची साथ आली आहे.

साथ म्हटल्यावर जे व्हायचे तेच झाले. रुग्णांना वेगळे ठेवले, त्यांची घरे औषध फवारून धुतली, शेजाऱ्यांनी येणे-जाणे बंद केले. आजार आणि त्यावर वाळीत पडणे, दोन्ही मच्छीमारांच्याच वाट्याला आले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने अभ्यासगट नेमला. या मंडळींनी रुग्ण तपासले, मृतांचे मेंदू पाहिले, पण त्याबरोबर ही माणसे जेवतात काय तेही विचारले. नोव्हेंबरपर्यंत त्यांचे एक मत पक्के झाले होते: हा संसर्ग नव्हे, कुठल्यातरी जड धातूची विषबाधा आहे आणि ती मिनामाताच्या आखातातल्या मासळीतून आणि शिंपल्यांतून होते आहे. बाहेरून धडधाकट मांजरे आणून त्यांना आखातातली मासळी खाऊ घातली, तेव्हा तीही नाचू लागली. एवढे कळल्यावर मासेमारी थांबवायला हवी होती. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी १९५७ मध्ये केंद्र सरकारला तसे विचारलेही. उत्तर आले, की आखातातले सगळेच मासे विषारी आहेत याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून अन्नस्वच्छतेचा कायदा इथे लावता येणार नाही. सरकारी कागदाची ही भाषा आपल्याला नवी नाही.

कोणता धातू, हे कळायला मात्र आणखी पावणेतीन वर्षे गेली. कारखान्याच्या सांडपाण्यात इतके काही होते, की प्रत्येकावर संशय घेता येत होता. आधी मँगनीज झाले, मग सेलेनियम, मग थॅलियम. आत काय वापरले जाते ते कंपनी सांगत नव्हती आणि दर चुकलेल्या अंदाजानंतर ‘या प्राध्यापकांचे काय ऐकायचे’ असे म्हणायला मोकळी होती. १९५८ च्या मार्चमध्ये ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ डग्लस मॅकअल्पाइन मिनामाताला येऊन गेले. ही लक्षणे त्यांना ओळखीची वाटली: १९४० मध्ये इंग्लंडमध्ये बियाण्यांवरची औषधे बनवणाऱ्या कामगारांत सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेची नोंद झाली होती, तिच्याशी ती जुळत होती. मग पारा शोधायला सुरुवात झाली आणि तो हवा तेवढा सापडला. कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी साचलेल्या गाळात टनामागे २ किलो पारा होता. कुमामोतो शहरातल्या माणसांच्या केसांत पाऱ्याचे प्रमाण सरासरी दहा लाखांत ४ भाग होते. मिनामातातल्या एका रुग्णाच्या केसांत ते ७०५ भाग निघाले. २२ जुलै १९५९ रोजी अभ्यासगटाने आपला निष्कर्ष जाहीर केला.

कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार होत असे. ती क्रिया घडवून आणायला पाऱ्याचे संयुग लागे आणि त्यातला थोडा पारा मिथाइल पारा होऊन सांडपाण्याबरोबर बाहेर पडे. समुद्र एवढा मोठा, त्यात इतकेसे विष विरून जाईल, हा हिशेब जगभरच्या कारखान्यांनी केला आहे. तो इथे सपशेल चुकला. मिथाइल पारा जीवांच्या शरीरातून सहजी बाहेर पडत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव तो साठवतात, त्यांना खाणारे छोटे मासे त्याहून जास्त आणि त्या माशांना खाणारे मोठे मासे त्याहूनही जास्त. पाण्याच्या नमुन्यात जेमतेम दिसणारे विष ताटात येईपर्यंत हजारो पटींनी वाढलेले असते. पाटी घेऊन दारोदार मासळी विकणाऱ्या बाईला हे कळायचा काही मार्ग नव्हता. ते कुणीतरी मोजूनच सांगायला हवे होते.

आणि सांगितल्यावर काय झाले? रासायनिक उद्योगांच्या संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने सुचवले, की दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आखातात बुडवलेल्या दारूगोळ्यामुळे हे झाले असावे. टोकियोतल्या एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेचे प्राध्यापक पुढे आले आणि म्हणाले, की दोष नासलेल्या मासळीत तयार होणाऱ्या अमाइन्सचा आहे. उद्योगांच्या पैशावर समित्या बसल्या, त्यांत मोठ्या विद्यापीठांची मोठी नावे होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा नियम प्रयोगशाळेच्या दारात थांबत नाही. वर्तमानपत्रांना दोन्ही बाजू छापायच्या असतात, तेव्हा ‘तज्ज्ञांत मतभेद’ असा मथळा झाला. कंपनीला तेवढे पुरेसे होते.

कारखान्याच्या आत होसोकावा यांनी स्वतः एक प्रयोग चालवला होता. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नात घालून ते एका मांजराला देत होते. त्याचा क्रमांक होता ४००. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये मांजर क्रमांक ४०० ला तोच आजार जडला. कंपनीने पुढचे प्रयोग थांबवले आणि निष्कर्ष दाबून ठेवला. त्या डिसेंबरात मोठ्या थाटात सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र बसवले गेले. ते पारा काढण्यासाठी नव्हतेच. ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ च्या मे महिन्यात बंद पडले, तेही ती पद्धत जुनी झाली म्हणून. त्यानंतर चार महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९६८ रोजी, सरकारने मान्य केले की आजाराचे कारण कारखान्याचा मिथाइल पारा. विद्यापीठाने सांगितल्यावर नऊ वर्षांनी. तोवर १९६५ मध्ये निइगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी, दुसऱ्या एका कंपनीच्या सांडपाण्याने तोच आजार पुन्हा झाला होता.

कुमामोतो विद्यापीठाचे तरुण डॉक्टर मासाझुमी हारादा यांचे काम मला या सगळ्यात फार मोठे वाटते. मिनामातात जन्मतःच अपंग अशी अनेक मुले होती, पण त्यांनी मासे खाल्ले नव्हते आणि त्यांच्या आयांना फारसा त्रास दिसत नव्हता. आईच्या पोटातली वार विषाला अडवते, असे तेव्हाचे वैद्यकशास्त्र मानत होते. म्हणून मुलांचे दुखणे वेगळे ठरवले गेले. आया मात्र ठामपणे सांगत होत्या, की माझ्या वाटचे विष याने घेतले. हारादांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि पुरावा शोधला. जपानी कुटुंबांत बाळाची वाळलेली नाळ छोट्या डबीत जपून ठेवायची रीत आहे. घरोघरीच्या अशा नाळा गोळा करून तपासल्या, तेव्हा त्यांत मिथाइल पारा निघाला. कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळाच्या नाळेत किती, हेही दिसले आणि ते कारखान्याच्या उत्पादनाच्या चढउताराशी मिळतेजुळते होते.

टोकियो विद्यापीठातल्या जुन उई यांची गोष्ट वेगळी. ते रसायन अभियंते. आधी प्लास्टिकच्या एका कारखान्यात नोकरी करत असताना त्यांनी स्वतःच पारा असलेले सांडपाणी सोडले होते. पुढे होसोकावांच्या त्या दडपलेल्या प्रयोगाचा माग काढणाऱ्यांत ते होते. १९७० पासून त्यांनी विद्यापीठाच्याच वर्गात संध्याकाळी प्रदूषणावर खुली व्याख्याने सुरू केली. प्रवेशपरीक्षा नाही, पदवी नाही. गृहिणी, कामगार, मच्छीमार कुणीही यावे. हा वर्ग पंधरा वर्षे चालला आणि त्यातून देशभरच्या प्रदूषणविरोधी चळवळींना माणसे मिळाली. विद्यापीठाने त्याची पावती अशी दिली, की उई एकवीस वर्षे सहायकाच्याच पदावर राहिले.

आखात साफ करायला १९७७ ते १९९० अशी वर्षे गेली. गाळ उपसून आणि भराव घालून ५८ हेक्टर जमीन तयार झाली, खर्च सुमारे ४८.५ अब्ज येन. अधिकृतपणे मान्य झालेले रुग्ण दोन हजारांहून अधिक. २०१३ मध्ये पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार कुमामोतोतच झाला आणि त्याला मिनामाताचे नाव दिले गेले. भारतही त्यात आहे.

समुद्र वाचवण्यात विद्यापीठांचा वाटा कोणता, असे विचारले की आपल्याकडे एक ठरलेले चित्र डोळ्यांपुढे येते: राष्ट्रीय सेवा योजनेची मुले हातमोजे घालून वाळूतल्या पिशव्या उचलताहेत, मागे फलक, पुढे प्राचार्य. हे वाईट नाही. पण कचरा उचलण्याचे काम नगरपालिका अधिक चांगले करू शकते आणि तिला भाषणेही लागत नाहीत. विद्यापीठापाशी असे काहीतरी आहे जे नगरपालिकेपाशी, कारखान्यापाशी आणि बहुतेक सरकारी खात्यांपाशी नसते. तिथली माणसे एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षे पाहू शकतात, आणि उत्तर काय निघावे यावर त्यांचा पगार अवलंबून नसतो. निदान नसावा. समुद्राला स्वतःची बाजू मांडता येत नाही. कुणीतरी त्याच्या वतीने साक्ष द्यावी लागते. ती खोटीही देता येते, हे टोकियोच्या अमाइनवाल्यांनी दाखवलेच.

साक्षीसाठी पुरावा जपावा लागतो, आणि तो कधी उपयोगी पडेल हे जपताना माहीत नसते. ॲलिस्टर हार्डी हे इंग्लंडमधल्या हल इथल्या विद्यापीठ महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. मासळी कमी-जास्त का होते हे कळायचे तर तिचे खाद्य असलेले सूक्ष्म प्लवंग मोजले पाहिजेत, म्हणून त्यांनी एक उपकरण बनवले. व्यापारी जहाजाच्या मागे दोराने ते बांधायचे. जहाज पुढे जाते तसे पाणी आत शिरते, रेशमाच्या सरकत्या पट्टीवर प्लवंग अडकतात आणि पट्टी टिकाऊ द्रावात गुंडाळली जाते. १९३१ मध्ये हे सर्वेक्षण नियमित सुरू झाले आणि आजही चालू आहे. पट्ट्या फेकायच्या नाहीत, हा त्यांचा शिरस्ता.

सत्तरेक वर्षांनी त्या पट्ट्यांकडे कुणीतरी वेगळ्याच प्रश्नासाठी वळले. प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन किनाऱ्यावरच्या वाळूत प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण शोधत होते. कण सापडले, पण ते नवे की जुने? स्कॉटलंड ते शेटलंड आणि आइसलंडच्या मार्गांवरच्या, १९६० च्या दशकापासून जपलेल्या रेशमी पट्ट्या त्यांनी काढल्या. प्लवंगांच्या शेजारी प्लास्टिकचे तंतू होते, आणि १९६० च्या दशकाच्या तुलनेत नंतरच्या पट्ट्यांत ते स्पष्टपणे वाढलेले होते. २००४ मध्ये ‘सायन्स’ मासिकात आलेल्या त्यांच्या छोट्याशा लेखाने मायक्रोप्लास्टिक हे नाव जगभर गेले. पुढे त्याच सर्वेक्षणाच्या जुन्या नोंदवह्या चाळल्यावर दिसले, की १९६५ मध्येच आयर्लंडजवळ उपकरणात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. नोंद करणाऱ्याने ती इमानदारीने लिहून ठेवली होती, एवढेच.

प्लिमथचे मला आवडते ते असे, की तिथली माणसे एका शोधावर थांबली नाहीत. एकेक रोजची वस्तू उचलून तपासत गेली. चेहरा धुण्याच्या स्क्रबमध्ये प्लास्टिकचे मणी असतात. इमोजन नॅपर या विद्यार्थिनीने आणि तिच्या मार्गदर्शकांनी २०१५ मध्ये दाखवले, की एका वेळच्या वापरात ९४,५०० पर्यंत मणी मोरीतून वाहून जाऊ शकतात. हा आकडा संसदेच्या समितीपुढे गेला आणि २०१८ मध्ये ब्रिटनने असे मणी घातलेल्या प्रसाधनांवर बंदी आणली. मग कपडे: ॲक्रिलिकच्या ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांहून जास्त तंतू सुटतात. मग ‘आपोआप विघटन होणाऱ्या’ पिशव्या. त्या तीन वर्षे मातीत पुरून आणि समुद्रात बुडवून ठेवल्या. बाहेर काढल्यावर त्यांत बाजारहाट भरून उचलता येत होता. पिशवीवरची जाहिरात खरी की खोटी हे ठरवायला तीन वर्षे थांबावे लागते, आणि तेवढे थांबायची फुरसत विद्यापीठालाच असते.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तिथले कोहो जातीचे सामन मासे ओढ्यात जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा ओढ्यात येतात. सिॲटल परिसरातले शहरी ओढे पैसा खर्चून साफ केले गेले, मासे परतलेही. पण पाऊस झाला की काही तासांत ते पृष्ठभागावर तोंड वासून गरगरू लागायचे आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या अंडी न घालताच मरायच्या. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या जेनिफर मॅकिन्टायर आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा केंद्रातले एडवर्ड कोलोडझिए व झेनयू तियान यांच्या गटांनी संशय रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यावर आणि त्यातून टायरच्या झिजेवर आणला. टायरचा कीस भिजवलेल्या पाण्यात दोन हजारांहून जास्त रसायने होती. ते पाणी वेगवेगळे करत, दर भागात मासे मरतात का ते पाहत, शेवटी एकच रसायन उरले, आणि ते कुठल्याच यादीत नव्हते. तियान यांच्या लक्षात आले, की टायर तडकू नये म्हणून घातल्या जाणाऱ्या ६पीपीडी या द्रव्याशी त्याचे नाते आहे. ते द्रव्य हवेतल्या ओझोनशी लढता लढता बदलते आणि हे नवे विष तयार होते. डिसेंबर २०२० मध्ये शोध प्रसिद्ध झाला. ६पीपीडी जगभरच्या टायरांत अनेक दशके आहे. कुणीही मुद्दाम ते ओढ्यात टाकले नव्हते. तरी गाडी चालवणारा प्रत्येक जण ते टाकत होता.

या शोधामागोमाग मासेमारीवर हक्क असलेल्या तिथल्या आदिवासी जमातींनी पर्यावरण खात्याकडे अर्ज केला, कॅलिफोर्निया राज्याने टायर कंपन्यांना पर्याय शोधायला भाग पाडणारा नियम केला. आणि त्याआधीच मॅकिन्टायर यांच्याच गटाने दाखवून दिले होते, की रस्त्याचे पाणी वाळू, माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळून ओढ्यात सोडले तर मासे मरत नाहीत. रसायन ओळखायच्या आधीच उपाय हाताशी होता. आपल्या शहरांतल्या पावसाळी गटारांचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यांनी हे प्रयोग जरूर वाचावेत.

विद्यार्थ्यांचे काय? मोठे प्राध्यापक आणि महागडी यंत्रे असतील तरच हे जमते असे वाटू शकते. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथली सी एज्युकेशन असोसिएशन ही संस्था महाविद्यालयीन मुलांना शिडाच्या जहाजावर सत्र घालवायला नेते. मुले दररोज बारीक जाळे पाण्यावरून ओढत, त्यात आलेले प्लास्टिकचे तुकडे चिमट्याने वेचून मोजत आणि वहीत लिहीत. १९८६ ते २००८ अशी २२ वर्षे, सहा हजारांहून जास्त वेळा जाळे ओढून, हजारो मुलांनी चौसष्ट हजारांवर तुकडे मोजले. २०१० मध्ये त्यावरचा लेख आला तेव्हा तज्ज्ञ चक्रावले: प्लास्टिकचे उत्पादन वाढत गेले, पण उत्तर अटलांटिकच्या त्या भागातल्या पृष्ठभागावरचे तुकडे वाढलेले दिसत नव्हते. मग बाकीचे गेले कुठे? तळाशी, माशांच्या पोटात, की मोजणीच्या जाळ्यातून निसटण्याइतके बारीक झाले? हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि तो पदवीच्या मुलांच्या वह्यांतून उभा राहिला.

म्हणून किनारा साफ करायला जाणाऱ्या आपल्या महाविद्यालयांना माझे एक सांगणे आहे. उचललेले मोजा. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात, तेवढ्याच लांबीच्या पट्ट्यात. गुटख्याच्या पुड्या किती, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे किती, तुटक्या जाळ्यांचे तुकडे किती, थर्माकोल किती. पाच वर्षांनी तो तक्ता हातात असेल तर कोणत्या वस्तूवर बंदी घालायची आणि घातलेली बंदी चालते का, हे सांगता येईल. नुसती गोण्यांची संख्या सांगून बातमी होते, बाकी काही होत नाही.

आपल्याकडे संस्था कमी नाहीत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची आणि १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. गोव्यात ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आणि जवळच दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. या संस्थेने पाऱ्याच्या बाबतीत आपलाही मिनामाता होऊ शकला असता हे फार पूर्वी मोजून ठेवले आहे: ठाण्याची खाडी आणि मुंबई बंदरातल्या पाऱ्यावर तिच्या शास्त्रज्ञांचा निबंध १९८१ मध्ये, आणि उल्हास नदीच्या मुखाजवळच्या गाळातल्या पाऱ्यावर २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या इंग्रजी नियतकालिकात. देशातल्या कॉस्टिक सोडा कारखान्यांनी पारा वापरणारी पद्धत पुढे टप्प्याटप्प्याने सोडली, हे बरे झाले. पण त्या खाडीत तिसऱ्या आणि निवट्या पकडून विकणाऱ्या बाईपर्यंत यातला एक तरी आकडा मराठीत पोचला असेल का, याची मला शंका आहे. आपले उई कुठे अडले?

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात, पर्यटकांचे पाय काळे होतात आणि दरवर्षी तेच होते: जहाजवाले कानावर हात ठेवतात, तेलविहिरीवालेही ठेवतात. दोनापावलाच्या शास्त्रज्ञांनी अशा गोळ्यांची रासायनिक ओळख पटवायचे काम केले आहे. प्रत्येक खनिज तेलात ते ज्या प्राचीन जीवांपासून बनले त्यांच्या रेणूंची खूण उरते, आणि ती कुठल्या तेलाशी जुळते हे तपासता येते. काही गोळ्यांची खूण बॉम्बे हायच्या तेलाशी जुळली, काहींची टँकर धुऊन टाकलेल्या परदेशी तेलाशी. असा पुरावा असल्याशिवाय दंड कुणाला करणार?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही जहाजे धडकली, तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याबाहेर एमएससी एल्सा ३ बुडाले आणि प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर येऊन पडले. अशा वेळी नुकसानभरपाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अपघाताआधी इथे काय होते? किती मासळी, किती शिंपले, वाळूत किती प्लास्टिक? आधीची नोंद नसेल तर उत्तर नाही, आणि उत्तर नसेल तर भरपाई कापली जाते. अपघातानंतर धावत आलेली समिती ही नोंद करू शकत नाही. ती गावातल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने आधीच, काहीही घडलेले नसताना, दर महिन्याच्या ओहोटीला करून ठेवायची असते. काम कंटाळवाणे आहे, त्यावर बढती मिळत नाही आणि मोठ्या नियतकालिकात ते छापलेही जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांच्या कोष्टकात त्याला जागा मिळाली, तर चित्र झपाट्याने बदलेल असे माझे मत आहे.

उपाय शोधणारेही आहेतच. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी तापवलेल्या खडीवर प्लास्टिकच्या कचऱ्याचा थर देऊन मग डांबर मिसळायची पद्धत काढली. पहिला रस्ता २००२ मध्ये महाविद्यालयाच्याच आवारात झाला आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची रीत शोधली. त्यातून खत म्हणून वापरता येणारे अमोनियम सल्फेट मिळते. जपानमध्ये २०१६ साली प्लास्टिकची बाटली पचवणारा जिवाणू सापडला, तेव्हा आता समुद्र साफ होणार अशा बातम्या आल्या. त्या उत्साहावर मी फार विसंबणार नाही. पुनर्वापराच्या कारखान्यातल्या टाकीत त्याचा उपयोग होईल. अथांग थंड पाण्यात विखुरलेल्या कणांना तो पुरा पडणे कठीण. प्लास्टिकच्या रस्त्यालाही विचारायला हवे, की झिजताना त्यातून किती कण सुटतात आणि पावसाबरोबर कुठे जातात. प्लिमथवाल्यांनी पिशव्या पुरल्या तसे कुणीतरी हे रस्ते वर्षानुवर्षे तपासावेत.

प्लास्टिकवरच्या जागतिक कराराच्या वाटाघाटी २०२२ मध्ये ठरल्या आणि ऑगस्ट २०२५ मधली जिनिव्हातली फेरीही कराराविना संपली. करार होईल तेव्हा होईल. तुम्ही किनाऱ्यावरच्या गावात राहत असाल, किंवा तिथल्या नदीच्या वरच्या अंगाला राहत असाल, तर जवळच्या महाविद्यालयात जा आणि विचारा: आमच्या खाडीचे पाणी, गाळ आणि मासळी शेवटची कधी तपासली? आकडे मराठीत कुठे लावले आहेत? आणि त्या तपासणीचे पैसे कुणी दिले? विद्यापीठाकडे ज्ञान मागायला आपण बिचकतो, पण ते आपल्याच करातून चालते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मागा, आणि मिळाली नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा मागा.